‘बसा’ म्हणू नका



मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं काम दवाखान्यात कमी आणि लोकांच्या घरी जास्त चालतं. पुण्यातल्या पेठांमधले जुने वाडे, कोथरूडच्या लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्या, सिंहगड रस्त्यावरचे नवे फ्लॅट. सकाळी आठला फेरी सुरू होते ती दुपारी दीड-दोनपर्यंत. बहुतेक घरांतून मला बोलावणं येतं ते कुणीतरी पडल्यावर. खुब्याचं हाड मोडलेलं असतं, ऑपरेशन झालेलं असतं, आणि दार उघडल्याबरोबर घरचे विचारतात, “आता पूर्वीसारखं चालतील ना?” आज मी बोलणार आहे ते त्या पडण्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. तेव्हा करण्यासारखं पुष्कळ असतं आणि तेव्हाच आम्हाला कुणी बोलावत नाही.

नारायण पेठेतल्या एका आजींच्या घरून मात्र वेळेत फोन आला. आजी एक्याऐंशी वर्षांच्या. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकून झोक गेला होता, पण दाराची चौकट हातात आली म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून सूनबाईंनी धसका घेतला. “आई, तुम्ही बसा, मी देते.” चहा हातात, वर्तमानपत्र हातात, जेवणाचं ताटही पलंगाशी. देवपूजेसाठी आजी उठायच्या, तर देव खाली आणून त्यांच्यासमोर ठेवले. चार महिन्यांनी मी गेले, तेव्हा आजींना दोन्ही हातांचा रेटा दिल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं.

मी त्यांना स्वयंपाकघरात ओट्याशी उभं केलं. कडाप्प्याची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. खाली पाहिलं तर पायाच्या बोटांनीही फरशी धरून ठेवल्यासारखी होती. मी म्हटलं, “आजी, टाचा उचला.” टाचा जमिनीपासून जेमतेम बोटभर सुटल्या आणि लगेच टेकल्या. आयुष्यभर दोन जिने चढून पाणी आणलेले पाय होते ते. वयाने दहा वर्षांत नेलं नसेल एवढं त्राण चार महिन्यांच्या मायेनं नेलं होतं.

सूनबाईंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी काळजीच घेतली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उठू न देणं हाच मान समजला जातो. पण स्नायूंना मान कळत नाही, काम कळतं. मांडीचे स्नायू उठवतात, पोटऱ्या पुढे ढकलतात आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू एका पायावर शरीर तोलून धरतात. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावरच असतो. हे स्नायू वापरले नाहीत तर आटत जातात. मग पाय उंबऱ्याला अडकला की दुसरं पाऊल झटकन पुढे पडत नाही. पाय अडकणं तरुणपणीही होतंच. तेव्हा आपण एक-दोन पावलं धडपडतो आणि सावरतो. म्हातारपणी हे सावरणंच हरवतं, आणि ते सरावानं परत येऊ शकतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात ओटागो विद्यापीठ आहे. तिथल्या जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांच्या गटानं नव्वदच्या दशकात एक साधा प्रश्न घेतला. फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन व्यायाम शिकवले, तर माणसं पडायची थांबतात का? त्यांनी ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रिया निवडल्या. निम्म्या जणींना पायांत बळ येण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. उरलेल्या निम्म्या जणींकडेही तितक्याच वेळा कुणीतरी गेलं, पण फक्त भेटायला आणि गप्पा मारायला. वर्ष संपल्यावर हिशेब केला. गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणं झालं होतं, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी अशा चार अभ्यासांतल्या हजारावर माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी झालेलं दिसलं. ८० वर्षांवरच्यांना तर याचा फायदा सगळ्यात जास्त झाला. “आता या वयात काय व्यायाम!” असं जिथे म्हटलं जातं, नेमकं त्याच वयात.

त्या पद्धतीत यंत्रं नाहीत. घोट्याला बांधायची वजनं, धरायला एक भक्कम आधार आणि आठवड्यातून तीनदा अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोनदा चालणं. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जातो, पुढे अधूनमधून फोन करतो. आपल्याकडे घोट्याच्या वजनांऐवजी मी जुन्या पायमोज्यात अर्धा किलो तांदूळ भरते, तोंड शिवून घेते आणि वर सुती पट्टी बांधते. काम तेच होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ आजोबा मला सांगतात, “मी रोज बागेत चार फेऱ्या मारतो, मला कशाला व्यायाम?” फेऱ्या चांगल्याच आहेत, हृदयाला, मनाला, झोपेला. पण नुसत्या चालण्यानं पडणं टळत नाही. तोल सुधारायचा तर तोलाला थोडं अडचणीत आणावं लागतं. पाय जवळ घेऊन उभं राहायचं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं, आडवं चालायचं, मागे चालायचं, ओटा धरून एका पायावर थांबायचं. आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका हातानं, मग नुसती बोटं टेकवून. आधार सुटतो तसा तोल कामाला लागतो. नारायण पेठेतल्या आजींना सेकंद मोजायचा कंटाळा यायचा, म्हणून त्या अकरा वेळा रामाचं नाव घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या नावाला हात ओट्याच्या कडेकडे जायचा.

दुसरा व्यायाम खुर्चीचा, आणि एकच करायचा असेल तर मी हाच सांगेन. बिनचाकांची, बिनगादीची, हात असलेली खुर्ची. तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे मागे सरकत नाही. पावलं थोडी मागे घ्यायची, नाक पावलांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि उठायचं. बसताना धप्पकन बसायचं नाही, सावकाश, बसण्याचं काम मांड्यांनी करायचं. सुरुवातीला हातांनी रेटा दिला तरी चालेल. पाच वेळा जमलं की दहा. दहा सहज जमले की हात न लावता.

छातीत दुखत असेल, नुकतं हाड मोडलं असेल, उभं राहिल्याबरोबर भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सुरुवातीचे काही दिवस घरात कुणीतरी जवळ असू द्या.

आता घराबद्दल. दारातलं पायपुसणं, ज्याचं एक टोक कायम दुमडलेलं असतं. झिजून गुळगुळीत झालेली स्लीपर. घोळदार मॅक्सी, जिचा काठ टाचेखाली येतो. तेल लावून अंघोळीला जाणं आणि ओल्या शहाबादीवर पाय टाकणं. टॉवेलची दांडी तर कितीतरी घरांत आधार म्हणून धरली जाते. ती टॉवेलाचंच वजन पेलायला लावलेली असते, माणसाचं नाही. भिंतीत नीट बसवलेली, हातात मावेल अशी दांडी कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी घ्यायलाच हवी. कोकणात पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं, म्हणून जुनी माणसं वाटेवर माडाची झापं अंथरतात. ती शहाणी सवय आहे, ती सोडू नका.

रात्रीचं पडणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. लघवीला जायची घाई, अंधार, चष्मा टेबलावर राहिलेला, आणि त्यात झोपेच्या गोळीचा अंमल. झोपून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पावलं वर-खाली हलवा, मगच उभे राहा. छोटा दिवा रात्रभर चालू राहू द्या, वीज बिलाचा विचार करू नका. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा आणि विचारा की यातली कुठली गोळी तोल बिघडवते का. आपल्या मनानं मात्र कुठलीही गोळी बंद करू नका. आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका. ती जुनी गोष्ट झाली. न दिसणाऱ्या पायरीवर व्यायामही फारसा उपयोगी पडत नाही.

काठीबद्दलही सांगते. काठी घेणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं असं अनेकांना वाटतं, आणि घेतली तरी ती घरात सापडलेली, आजोबांच्या वडिलांची असते. हात खाली सोडून सरळ उभं राहिलं की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालचं रबर झिजलं की त्याच आठवड्यात बदलायचं, ते मेडिकलच्या दुकानात मिळतं.

आणि एक गोष्ट, जी घरोघरी शिकवायला हवी आणि कुणी शिकवत नाही. पडल्यावर उठायचं कसं. कितीतरी जणांचं हाड मोडलेलं नसतं, तरी त्यांना उठता येत नाही. मग तासन्‌तास थंड फरशीवर पडून राहावं लागतं. मी माझ्या प्रत्येक पेशंटला सतरंजी अंथरून हे शिकवते. आधी घाई करायची नाही. हात-पाय हलवून बघायचे, कुठे फार दुखतंय का. खूप दुखत असेल, पाय वळलेला किंवा आखूड वाटत असेल, तर हलायचं नाही, हाक मारायची. नाहीतर कुशीवर वळायचं. कोपरावर यायचं. मग गुडघे आणि हातांवर, रांगल्यासारखं. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे, चांगला पाय पुढे रोवायचा, जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. उठल्यावर लगेच चालायचं नाही. एकदा हे अंगवळणी पडलं की पडण्याची भीती निम्मी होते. ती भीतीही पाडते बरं का. घाबरलेला माणूस पाय घासत, खाली बघत, लहान पावलं टाकतो आणि तसं चालताना आणखी पडतो. घाबरून घरात बसतो, बसून आणखी दुबळा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती, आज ती आणखी वाढलेली आहेत. इतक्या घरांत फिजिओथेरपिस्ट पोचणं शक्य नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच आज रेडिओवर आले. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट असेल तर एकदा तरी त्यांना घरी आणा, तोल तपासून घ्या, व्यायाम नीट शिकून घ्या. पुढचं काम घरच्यांचं आहे.

नारायण पेठेत मी तीन महिने गेले. सूनबाईंनी देव परत देव्हाऱ्यात ठेवले. चहा ओट्यावर ठेवून त्या हाक मारायच्या, “आई, चहा झालाय, या!” पहिल्या दिवशी त्यांचा आवाज कापरा होता, मी तिथेच होते. आजी उठल्या, भिंतीला हात लावत आल्या, चहा प्यायल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी ओटा न धरता टाच-अंगठा लावून उभं राहून दाखवलं आणि अकरा नावं पुरी केली. मोरीचा उंबरा अजून तिथेच आहे. आता त्या रोज तो ओलांडतात.

श्रोतेहो, हे भाषण संपलं की घरातल्या आजी-आजोबांना, आई-वडिलांना, काका-काकूंना एका खुर्चीत बसवा. समोर दहा फुटांवर खडूनं रेघ मारा. नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जाऊन, वळून परत येऊन बसायला सांगा. तुम्ही शेजारून चाला आणि घड्याळ बघा. उठण्यापासून पुन्हा बसेपर्यंत बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर तोल आणि पाय दोन्हींकडे लक्ष द्यायची वेळ आलेली आहे. ती खुर्ची मग उचलून ठेवू नका. भिंतीला टेकवून तिथेच राहू द्या, आणि उद्या सकाळचा चहा त्यांच्या हातात नेऊन देऊ नका. स्वयंपाकघरातून हाक मारा.