भन्ते आनंदांचे हात
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात आपण ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नेमाने वाचतो. पण थेरीगाथेकडे आपण फारसे वळत नाही. भिक्खुणींच्या गाथांचा हा संग्रह. त्यात आम्रपालीच्या 19 गाथा आहेत. एके काळी वैशालीत जिच्या रूपाचा बोलबाला होता, ती थेरी झाल्यावर म्हातारपणी स्वतःचं शरीर न्याहाळते. केस, भुवया, डोळे, दात, आवाज, थेट पायांपर्यंत. आधी काय होतं, आता काय झालं, एवढंच सांगते. रडगाणं नाही. तथागत म्हणाले ते खरं, असं दर गाथेला बजावते.

पण हे झालं स्वतःचं. स्वतःचं माणूस एक वेळ सोसतो. डोळ्यांदेखत आपलं माणूस खचत जातं, तेव्हा काय करायचं?

संयुत्त निकायात जरा सुत्त आहे, ते वाचा. श्रावस्तीचा पूर्वाराम. संध्याकाळची वेळ. भगवंत मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसलेत. भन्ते आनंद त्यांचं अंग चोळताहेत आणि चोळता चोळता बोलतात, की कांती पहिल्यासारखी राहिली नाही, अंगाला सुरकुत्या पडल्या, शरीर पुढे वाकलं. भगवंत रागावत नाहीत. होय, असंच असतं, म्हणतात, आणि मग जरेवर गाथा म्हणतात. आम्हाला यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की आनंदांनी पाहिलं, तोंडावर बोललेही, पण हात काढून घेतला नाही.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री दिल्लीत नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावलं. ते वाचताना आम्हाला पूर्वारामच आठवतो.

आता घरचं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. आमच्या आईला आता आठवत नाही. गिरणी बंद होऊन वर्षं झाली, तरी म्हातारी पहाटे उठते आणि म्हणते, “भोंगा झाला, ऊठ, डबा भरलाय.” आम्ही खेकसायचो, “अगं, कुठली गिरणी? किती वेळा सांगायचं?” ती घाबरून कोपऱ्यात बसायची. सभांमधून आम्ही करुणेवर भाषणं ठोकत होतो आणि घरात हे! तिचं अंथरूण बायको आणि सून बदलायच्या, आम्ही पेपर तोंडासमोर धरायचो. बायकांनीच करायचं, असं कोणत्या सुत्तात लिहिलंय? आजारी भिक्खूला तर खुद्द भगवंतांनी न्हाऊ घातलं होतं.

गेल्या वर्षावासापासून रात्री तिचे पाय आम्ही चेपतो. टाचा पार फुटल्यात. पहाटे ती डब्याचं म्हणाली की आम्ही विचारतो, “आये, भाजी कुठली केलीस?”

“वांग्याची,” म्हणते, आणि पुन्हा निजते.

जय भीम! नमो बुद्धाय!