शॉकअप आरामासाठी नसतात



सैन्यात माझी बहुतेक नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतर महूला घर केलं आणि पूर्वी माझ्या हाताखाली असलेल्या एका हवालदाराबरोबर जुनी टाटा ४०७ घेतली. भाजी भरायची आणि मानपूरचा घाट उतरून नर्मदेकडे जायचं, हा आमचा धंदा. आज सांगतोय ती माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

गाडीचे पुढचे पाटे बसले होते. मी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. गाडी पुढून दीड इंच उचलली गेली. शॉकअप मात्र जुन्याच मापाचे, नवे कोरे बसवले. तीन महिन्यांनी घाटात उखडलेल्या रस्त्यावर हवालदारानं ब्रेक मारला, तर डावं चाक उड्या मारायला लागलं आणि गाडी उजवीकडे दुभाजकावर ओढली गेली. तो संध्याकाळी एवढंच म्हणाला, "साहेब, गाडी थांबली नाही, मी थांबवली." त्या रात्री मला झोप आली नाही.

खाली वाकून पाहिलं, तर डावा शॉकअप तेलानं भिजलेला. गाडी उंच झाल्यामुळे तो उभ्या जागीच जवळजवळ पूर्ण ताणलेला होता. प्रत्येक खड्ड्यात चाक खाली गेलं की हिसका त्यालाच बसायचा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वजन पाटे पेलतात, शॉकअप नाही. पाट्यांचं हेलकावणं थांबवणं हे शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि चाक रस्त्याला चिकटून राहतं. उडालेल्या चाकाला ब्रेक असून नसल्यासारखाच.

आता तपासणी. शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ नाही. टायर जागोजागी खोलगट झिजलाय का पाहा. खराब रस्त्यावरून दहा-बारा किलोमीटर जाऊन आलात की शॉकअपला जपून हात लावा. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाहीये.

नवा घेताना आधी माप घ्या. सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. एकदा रिकामी, एकदा भरलेली. समजा, शॉकअप मिटल्यावर ३५० मिलिमीटर आणि उघडल्यावर ५५० भरतो. मग रिकाम्या गाडीचं माप ४७० आणि भरलेलीचं ४३० आलं, तर दोन्हीकडे जागा उरते. रिकाम्याचं ५३० आलं, तर तो शॉकअप तुमचा नाही. शिवाय शॉकअप पूर्ण मिटण्याआधी ॲक्सल रबरी ठोकळ्याला टेकला पाहिजे.

जास्त कडक म्हणजे जास्त चांगला, हाही गैरसमज. फार कडक शॉकअपनं रिकामी गाडी आपटते आणि ब्रॅकेटला तडे जातात. जादा माल भरण्यावर तर तो इलाज नाहीच. सतत खराब रस्ता असेल, तर गॅसवाला घ्या. त्यात तेलाला फेस कमी येतो. रंग मारून विकलेला जुना माल घेऊ नका.

बदलताना एकाच ॲक्सलचे दोन्ही बदला. साधा तेलाचा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आतली हवा निघते. रबरी बुश नवे टाका. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जॅकवरून उतरवून, वजन चाकांवर आल्यावर. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आम्ही योग्य लांबीची जोडी टाकली. पहिल्या फेरीला घाट उतरताना मी स्वतः हवालदाराच्या शेजारी बसलो होतो. त्याच उखडलेल्या जागी त्यानं ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला.

मंडळी, गाडीखाली वाकायला पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हर घाटात निघण्याआधी ती द्या. जय हिंद.