जुन्या लष्करी बंदुकांचे मोल



या वासंतिक ज्ञानसत्रात आपण वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय ऐकता. त्या पंक्तीत जुन्या लष्करी बंदुकांची किंमत कशी ठरवावी, हा विषय वाढताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. बंदुकीचे नाव काढले की कोणाला शिकार आठवते, कोणाला युद्ध. आमचा विषय त्या दोहोंपैकी एकही नाही. एखादा संग्राहक जातो आणि त्याचा संग्रह मागे राहतो. चाळीस वर्षे ज्याने एकेक नग पारखून घेतला, त्याच्या पत्नीला किंवा मुलांना त्यातले काही ठाऊक नसते. मग दारात पहिला येतो तो बहुधा खरेदीदार, आणि वस्तूची किंमतही तोच सांगतो. आजच्या विषयाची निकड इथे आहे.

हा बाजार मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत भरतो. आपल्याकडे कायद्यामुळे तो जवळजवळ नाहीच. पण तिथे विकल्या जाणाऱ्या बंदुकांपैकी पुष्कळ बंदुका हिंदुस्थानच्या लष्करासाठी बनलेल्या किंवा इथल्या शिपायांनी खांद्यावर वाहिलेल्या आहेत. म्हणून त्यांची पारख हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

किमतीकडे वळण्यापूर्वी एक सूचना. ठासणीची जुनी बंदूक हाती आली तर ती भरलेली आहे असेच समजावे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी आजही नळीत सापडते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. नळीत लाकडी काठी बुडापर्यंत घालावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. खूण आणि नळीचे तोंड यांत दोन-तीन बोटांचा फरक पडला, तर आत काहीतरी आहे. मग पुढचे काम जाणकाराचे.

आता पहिला प्रश्न : ही बंदूक कोणती? राणी व्हिक्टोरियाच्या काळातील तीन नावे ध्यानात ठेवली तरी पुष्कळ काम होते. पहिली १८५३च्या नमुन्याची एनफील्ड. ही तोंडाकडून ठासायची, टोपीवर उडणारी, ३९ इंच लांब नळीची. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि आत पिळाचे तीन आटे. दुसरी स्नायडर, १८६६ सालची. जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाच्या युक्तीने जुन्या एनफील्डच्याच नळीचे बूड कापून तिथे बिजागरीचा अडसर बसवला आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. तिसरी मार्टिनी-हेन्री, १८७१ सालची. चापाखालची तरफ ओढली की अडसर खाली झुकतो आणि काडतूस घालता येते. यानंतर आल्या त्या काडतुसांची पेटी असलेल्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफील्ड. त्यांतल्या .३०३ला आपण सारे ओळखतो. आपल्या पोलिसांच्या हाती ती इतकी वर्षे राहिली, की २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्याच्या वेळीही काहींजवळ तीच होती.

एवढ्या ज्ञानाचा उपयोग पाहा. "ही आमच्याकडची सत्तावन्न सालची बंदूक" असे पुष्कळ घरांतून सांगतात. बंदूक उचलून पाहावी. मागून भरता येत असेल, तर त्या रूपात ती १८५७ साली असणे शक्य नाही. स्नायडरचा अडसर त्यानंतर नऊ वर्षांनी आला. आणि ठासणीची खरी एनफील्ड असली तरी जपून बोलावे. ज्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला, ती एनफील्ड तेव्हा शिपायांच्या पलटणींत सर्वत्र पोहोचलीच नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे तिचे शिक्षण नुकते सुरू झाले होते. बहुतेक शिपायांच्या हाती जुनी, आटे नसलेली बंदूकच होती. घरची कथा खोटीच असते असे नव्हे; पण कथेला कागदाचा आधार हवा. पलटणीचे नाव कोरलेली पितळी चकती, खरेदीची पावती, जुने पत्र, छायाचित्र, यांपैकी काही असेल तर किंमत चढते. नुसत्या कथेने फार तर विकणाऱ्याचा आवाज चढतो.

दुसरा प्रश्न : खुणा काय सांगतात? बंदुकीच्या अंगावर तिची जन्मपत्रिका ठोकलेली असते. मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.' ही राणीची अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल. सरकारी मालावर रुंद टोकाचा बाण असतो. बाणाखाली 'आय' अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक भिडवलेले दिसले, तर सरकारने ती बंदूक रीतसर विकून टाकली असे समजावे. एनफील्डच्या लॉकवर 'टॉवर' असेल, तर ती बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या कारागिरांनी बनवलेली. 'एनफील्ड' असेल, तर सरकारी कारखान्यात यंत्रावर बनलेली. यंत्रावरच्या बंदुकीचा भाग दुसरीला बसतो, कारागिरांच्या बंदुकीचा बसेलच असे नाही. दुरुस्तीला काढलेल्या बंदुकीचे भाग मूळचेच आहेत का, हे तपासताना हा भेद उपयोगी पडतो.

नक्कलही याच खुणांवरून पकडली जाते. वायव्य सरहद्दीवर, खैबरच्या परिसरात आणि दर्रा आदमखेलच्या बाजारात, मार्टिनी आणि ली-एनफील्ड यांच्या हुबेहूब नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. कारागिरांचा हात असा, की नुसत्या कानशीने त्यांनी बंदूक उभी करावी. पण खुणा ठोकताना इंग्रजी लिपी न येणाऱ्याची फजिती होते. 'एन' हे अक्षर उलटे पडते, 'एनफील्ड'चे स्पेलिंग चुकते. कधी सालच घात करते. राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. तेव्हा 'व्ही. आर.' या अक्षरांखाली १९०७ साल दिसले, की सरकारी कारखान्याचा प्रश्नच मिटला. या नकला खऱ्या बंदुकीच्या भावाने घेणे ही फसगतच. पण सरहद्दीच्या कारागिरीचा नमुना म्हणून त्यांनाही हौशी गिऱ्हाईक आहे. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी, एवढेच मागणे.

तिसरा प्रश्न स्थितीचा. यात आपल्या चांगुलपणानेच सर्वांत अधिक नुकसान होते. विकण्यापूर्वी वस्तू लख्ख करावी, ही गृहिणीची आणि दुकानदाराची सहजबुद्धी. जुन्या बंदुकीच्या बाबतीत ती घातक. नळीवरचा मूळचा तपकिरी किंवा निळसर रंग, लाकडावर हात फिरून आलेली झळाळी, शिक्क्यांच्या धारदार कडा, या साऱ्यांचे पैसे असतात. पॉलिशपेपरचा एक तुकडा अर्ध्या तासात त्यांचा निकाल लावतो आणि गेलेले परत येत नाही. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची चाल आहे. ती जरूर चालावी. पण तेलाचा मऊ बोळा फिरवून गंध-फूल वाहावे. विटकरीची पूड आणि चिंच देव्हाऱ्यातल्या भांड्यांसाठी राहू द्यावी. तांबेरा हलका असेल तर तेलाने बसतो. खोल असेल तर तो घासून जात नाही, आणि घासल्याची खूण मात्र कायमची राहते.

स्थितीबरोबर पूर्णता पाहावी. गज आहे का, संगीन बसते का, मागची माशी मूळची आहे का, भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का. कित्येक लष्करी बंदुकांचे पुढचे लाकूड शिकारीसाठी कापून हलके केलेले असते. कापणाऱ्याच्या दृष्टीने ती सुधारणा होती. संग्राहकाच्या दृष्टीने तो अवयवभंग आहे, आणि किंमत तिथे निम्म्याहूनही खाली येते.

चौथा प्रश्न दुर्मिळतेचा. जुने ते दुर्मिळ, हा भ्रम आहे. नेपाळ सरकारने काठमांडूच्या लगन सिलेखान्यात एकोणिसाव्या शतकातील शस्त्रे साठवून ठेवली होती. २००३ साली दोन अमेरिकन व्यापारी संस्थांनी तो साठा विकत घेतला आणि हजारो बंदुका एकदम बाजारात आल्या. मार्टिनी काही शे डॉलरांत साध्या हौशी माणसाच्या आवाक्यात आली. नेपाळातच घडवलेली गहेंद्र बंदूक परदेशी संग्राहकांना जवळजवळ अपरिचित होती. तीही दुकानात मांडली गेली. ज्यांनी आधी चढ्या भावाने घेतले होते, त्यांच्या वस्तूत काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो भावात. या नेपाळी बंदुकांवर देवनागरी अंक आणि अक्षरे ठोकलेली आहेत. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकाला ती नक्षी वाटते. आपल्याकडचे चौथीतले पोर ते अंक घडाघडा वाचील. पारखीला कोणते ज्ञान कधी उपयोगी पडेल, ते सांगता येत नाही.

पाचवी गोष्ट कायदा, आणि तो किमतीवर सर्वांत जड हात ठेवतो. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याने १८९८ अखेरपर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते. एकाच कारखान्याच्या दोन माउझर बंदुका, एक १८९८ची आणि एक १८९९ची, लोखंडात आणि लाकडात तसूभर फरक नाही. तरी एका सालामुळे पहिलीला भाव अधिक. इंग्लंडने २०२१ साली नियम नव्याने बांधले : १ सप्टेंबर १९३९पूर्वीची निर्मिती आणि कालबाह्य म्हणून यादीत असलेले काडतूस, अशा अटी घातल्या. आपला १९५९चा शस्त्र कायदा अधिक कडक आहे. जुन्या धाटणीचे शस्त्र सुटते, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. तेव्हा आजोबांची बंदूक माळ्यावर सापडली, तर तिची किंमत विचारण्याआधी तिचा परवाना शोधावा. नसेल, तर नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करावी. आणि शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परदेशी विकून पैसे करण्याचा मोह कोणाला झालाच, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ती वाट खाजगी माणसाला बंद केली आहे.

आता अखेरचा हिशेब. किंमत एक नसते, तीन असतात. समजा, इंग्लंडात एका मार्टिनीला लिलावात हजार पौंडांची बोली लागली. लिलावघर घेणाऱ्याकडून शेकडा पंचवीस आणि देणाऱ्याकडून शेकडा पंधरा घेते असे धरू. घेणाऱ्याला ती साडेबाराशेला पडली, विकणाऱ्याच्या हाती साडेआठशे आले. विम्यासाठी पहिला आकडा धरावा, कारण चोरी झाल्यास तेवढे मोजूनच दुसरी आणावी लागेल. वाटणीसाठी दुसरा. आणि व्यापारी रोख देऊन उचलील तो तिसरा आकडा याहून खाली असणार. त्याला माल सांभाळायचा असतो, गिऱ्हाइकाची वाट पाहायची असते. यात अन्याय नाही. अन्याय होतो तो तिसरा आकडा पहिला म्हणून सांगितला की. जाहिरातीत मागितलेला भाव तर यांपैकी कोणताच नव्हे. ती विकणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या चार-सहा नगांचे आकडे पाहावेत, आपल्या नगाशी स्थिती ताडावी आणि मग बोलावे.

यातून दोन नियम निघतात. किंमत सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः विकत घेऊ नये. आणि संग्राहकाने आपल्या हयातीत वही लिहावी : नग कोणता, कोठून आणला, काय दिले, परवाना कोणता, काय विशेष. शंभर नगांच्या संग्रहात चार-पाच नगच निम्मी किंमत पोटात घेऊन असतात. वही नसेल तर नेमके तेच "सगळा लॉट एकदम" या नावाखाली जातात, आणि विधवेला फक्त जागा मोकळी झाल्याचे समाधान मिळते.

एक बंदूक मात्र या हिशेबाबाहेर ठेवून आम्ही थांबतो. १८५७नंतर हिंदी शिपायांसाठी १८५८च्या नमुन्याची बंदूक काढली गेली. बाहेरून ती एनफील्डच; पण आत नळी सुमारे ०.६५ इंचांपर्यंत पोखरून आटे नाहीसे केलेले, आणि लांबच्या माऱ्याची खालीवर होणारी माशी काढून साधी माशी बसवलेली. गोऱ्या शिपायाची गोळी दूरवर नेमकी जावी आणि काळ्या शिपायाची जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. पुढेही हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण पुष्कळ वर्षे चालले. अजाण माणूस तिच्या नळीत डोकावतो आणि आटे झिजलेली मोडकी एनफील्ड म्हणून ती मोडीच्या भावाने देऊन टाकतो. ते आटे झिजलेले नाहीत. राज्यकर्त्यांनी आपल्याच शिपायावरचा अविश्वास त्या नळीत नोंदवून ठेवला आहे. असा नग कोणाच्या घरी निघाला, तर तो विकण्यापूर्वी कायद्याने वागून एखाद्या संग्रहालयाला जरूर दाखवावा, अशी आमची विनंती आहे.