शाळेचें दार आणि वर्गांतील जागा



आमच्या माण गांवच्या शिवारांत जेथें पूर्वीं शेतें होतीं, तेथें आतां संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत. त्या बांधणाऱ्या मजुरांचीं मुलें दूरदूरच्या प्रांतांतून येऊन मुळशी तालुक्यांतील शाळांत बसतात. नोकरीच्या अखेरच्या वर्षीं अशाच एका वर्गावर मीं इतिहासाचा एक पाठ घेतला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

1856 सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलाला प्रवेश मिळाला नाहीं. त्यानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. एवढें सांगून मी थांबलों, आणि सरकारची अडचण मुलांपुढें ठेवली : याला घेतलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील, मग शाळा चालवावयाची कोणासाठीं? ‘तुम्ही सरकार असतां तर काय केलें असतें?’ असें विचारून मीं हात वर करावयास सांगितले. बहुतेक हात त्या मुलाला बाहेर ठेवण्याच्या बाजूनें वर झाले. मुलें दुष्ट नव्हतीं. त्यांनीं माणसें मोजलीं, इतकेंच. मुंबई सरकारनेंही तेंच केलें होतें.

इतक्यांत मागल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘गुरुजी, त्या मुलाचा हात कोणी मोजला का?’ ती परप्रांतीय मजुराची मुलगी होती. वर्षभर तिच्या बाकावर दुसरें कोणी बसत नसे. हें मला त्या क्षणापर्यंत दिसलें नव्हतें, याची अजून लाज वाटते.

मग मीं पुढील भाग सांगितला. वरिष्ठांना तो निर्णय पसंत पडला नाहीं. 1858 सालीं, केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, असें मुंबई सरकारला जाहीर करावें लागलें. परंतु दार उघडलें म्हणून आंत जागा मिळतेच असें नाहीं. सुमारें चाळीस वर्षांनंतरही साताऱ्यास शिकणाऱ्या बाल भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या तरटावर वेगळें बसावें लागे, आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं 1919 सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. अमेरिकेंत वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या त्या 1954 सालीं. तरीही 1957 सालीं लिटल रॉक येथें नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सैनिकांच्या पहाऱ्यांत शाळेंत न्यावें लागलें.

शेवटीं मीं आपल्या राज्यघटनेचें 29 वें कलम समजावून दिलें. सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांच्या कारणानें कोणासही प्रवेश नाकारतां येत नाहीं. ‘भाषा’ हा शब्द उच्चारतांच कांहीं मुलांनीं मागें वळून पाहिलें. दुसऱ्या दिवशीं त्या बाकावर दोघी बसल्या होत्या. मीं कोणास कांहीं सांगितलें नव्हतें.

पालकहो, मुलांना सनावळ्या अवश्य विचारा. पण तुमच्या वर्गांत एकटें कोण बसतें, हेंही त्यांना एकदां विचारून पाहा.