गुडघ्याखालचे कानसेन



 स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे, हा संकेत मला ठाऊक आहे. पण कीटकांच्या श्रवणावर परिषद भरलेली आणि माइक हातात, मग मोह आवरत नाही.

कोलंबियाच्या गोर्गोना बेटावर ‘कोपिफोरा गोर्गोनेन्सिस’ हा लांब मिशांचा नाकतोडा राहतो. त्याचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. नर गातो सुमारे २३ किलोहर्ट्झला. म्हणजे शेजारी बसूनही आपल्याला काही ऐकू यायचे नाही. २०१२ साली फर्नांडो मॉन्टेअलेग्रे, डॅनियल रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी या कानाची रचना उलगडली. पडदा हलला की त्याला लागून असलेली पट्टी तरफेसारखी दबते, कंपन आतल्या द्रवात उतरते आणि द्रवातून लाट धावते. तिच्या वाटेवर संवेदी पेशींची रांग आहे. गुडघ्याकडच्या पेशी खालच्या स्वरांना दाद देतात, पावलाकडच्या वरच्या. हवेतला ध्वनी द्रवात पोचवायला आपल्याला तीन हाडे लागतात. हा गडी एका पट्टीवर भागवतो, तेही मिलिमीटरभर जागेत!

सगळ्यांनाच एवढा थाट परवडत नाही, आणि लागतही नाही. रातकिडा स्वरांचे दोनच वर्ग करतो. १३ ते १६ किलोहर्ट्झच्या दरम्यान त्याची सीमा आहे. तिच्याखालचा आवाज जोडीदाराचा, म्हणून तिकडे वळायचे; वरचा वटवाघळाचा, म्हणून पळायचे. १९९६ साली वायटनबाख, मे आणि हॉय यांनी हे प्रयोगाने दाखवले. नॉक्टुइड पतंगांच्या प्रत्येक कानात तर ऐकणाऱ्या पेशी दोनच. दोघी एकाच पट्टीतल्या. फरक फक्त संवेदनक्षमतेचा. त्यामुळे वटवाघूळ लांब आहे की जवळ, एवढे पतंगाला कळते. सूर ओळखण्याची सोयच नाही. आमच्या घरी गाण्याच्या बाबतीत माझी हीच ख्याती असल्याने या पतंगाविषयी मला विशेष आपुलकी आहे.

म्हणून वक्त्यांना एक विनंती: कान किती बारीक ऐकतो हे सांगताना, त्या किड्याला तेवढे ऐकण्याची गरज का पडली, हेही सांगा.

रात्री जेवणानंतर मागच्या बागेत बॅट डिटेक्टर घेऊन फेरी आहे. श्राव्यातीत आवाज हे यंत्र आपल्या कानांच्या टप्प्यात आणते. गवत ओले आहे, बूट घालून यावे. आता अध्यक्ष महोदयांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.