घरची मजुरी कोणाच्या नांवें?

(उमरेड येथें विणकर व शेतकरी मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



अर्थशास्त्र हा शब्द कानावर पडला कीं आपल्या लोकांस वाटतें, हें दिल्ली-मुंबईच्या शहाण्यांचें काम, आपला त्याच्याशीं काय संबंध? पण ज्या घरांत चूल पेटते त्या घरांत अर्थशास्त्र असतेंच. फरक इतकाच, कीं शेटजींच्या घरीं तें रोजकीर्दींत व खतावणींत लिहिलेलें असतें आणि आपल्या घरीं तें तोंडीं असतें. तोंडीं हिशेबांत जें हातांत घेऊन दाखवितां येत नाहीं तें विसरलें जातें. आपण विसरतों त्यांतली सर्वांत मोठी रक्कम कोणती, तेवढेंच मी आज सांगणार आहें. ती रक्कम म्हणजे घरच्या माणसांची मजुरी.

मागाचेंच उदाहरण घेऊं, कारण उमरेडचें नांव मागानेंच झालें. येथल्या कोष्टी मंडळींच्या रेशीमकाठी धोतरांस एके काळीं दूरच्या बाजारांत मान होता. आतां माग थोडे राहिले, पण हिशेबाची रीत बदललेली नाहीं. समजा, एका विणकरानें एक रेशीमकाठी लुगडें विणलें. सूत व रेशीम मिळून १,२०० रुपये लागले आणि लुगडें ३,००० रुपयांस गेलें. त्यास विचारा, "काय सुटलें?" तो म्हणेल, "अठराशें." अठराशें खरे, पण ते कोणाच्या हातांनीं मिळविले? तो स्वतः सहा दिवस मागावर बसला. ताणा करण्यास व खळ देण्यास घरधनीण राबली, कांड्याही तिनेंच भरल्या. स्वयंपाक व धुणें सोडून तिचे मागाकडले तास जोडले तर तीन दिवस सहज भरतात. म्हाताऱ्या आईनें सुताचा गुंता सोडविला तो मीं धरलाच नाहीं. नऊ दिवसांत अठराशें, म्हणजे दिवसाला २०० रुपये पडले. महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२४-२५ सालीं दिवसाला २९७ रुपये होती. माती उपसणाऱ्या भावास मी हलका म्हणत नाहीं, त्याच्या घामाची किंमत झालीच पाहिजे. पण ज्याची बोटें लहानपणापासून धाग्यावर घडलीं त्याला त्याहूनही कमी पडावें, आणि वर त्यानें "अठराशें सुटले" म्हणून समाधान मानावें, हें कसें?

शिवाय फणी झिजली, धोटा जुना झाला, रात्रीं दिवा जळला. वस्तु वापरानें जुनी होते तो तिचा घसारा. तो आज खिशांतून जात नाहीं, पण ज्या दिवशीं फणी मोडते त्या दिवशीं एकदम सगळा वसूल करतो. मग आपण म्हणतों, अचानक खर्च निघाला. त्यांत अचानक कांहीं नव्हतें. रोज थोडा थोडा निघत होता, आपण लिहिला नाहीं एवढेंच.

नागपुरांत एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली. पुष्कळांना वाटलें असेल कीं आतां हातमाग दहा वर्षांत बुडणार. पण माग त्यानंतरही कित्येक पिढ्या चालले. कां चालले? कसब होतें, लुगड्यांचे काठ मिलला साधत नव्हते, हें एक कारण. दुसरें कारण कोणी मोठ्यानें सांगत नाहीं. मिलला प्रत्येक हाताची मजुरी वहींत लिहावी लागते, आणि आपल्या घरांत बायकोची व पोरांची मजुरी कोणीच लिहीत नाहीं. यंत्राशीं आपण झुंजलों तें पुष्कळ अंशीं बायकामुलांच्या फुकट कामाच्या बळावर. तो स्वस्त माल घेऊन गेला व्यापारी, आणि उपाशी राहिलें घर.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, वहींत मजुरी लिहिली म्हणून कोणी भाव वाढवून देणार आहे काय?" शंका रास्त आहे. भाव वाढवून कोणी देणार नाहीं. पण दोन प्रकारच्या कापडांपैकीं कोणतें विणावें, कोणत्या महिन्यांत माग बंद ठेवून बाहेर कामाला जावें, कोणत्या गिऱ्हाइकाला हात जोडून नाहीं म्हणावें, हें त्या आंकड्यावांचून कळत नाहीं. मात्र येथें एक प्रामाणिकपणा पाळावा. ज्या दिवसांत बाहेर कामच नसतें त्या दिवसांची मजुरी २९७ धरूं नये. त्या दिवशीं दुसरीकडे काय मिळालें असतें, तेवढीच त्या दिवसाची किंमत. मोठे पंडित यालाच संधीचा खर्च म्हणतात. भर पेरणींत, जेव्हां चार वावरांतून बोलावणीं येतात, तेव्हां घरीं बसून कांड्या भरणें महाग पडतें. ऐन उन्हाळ्यांत तेंच काम स्वस्त.

आतां शेतकरी बंधु हंसत असतील कीं हें सगळें विणकरांचें. तुमची वही पाहूं. बियाणें, खत, फवारणी, ट्रॅक्टर, बाहेरचे मजूर, हें तुम्ही बोटांवर सांगतां. सोयाबीन निंदण्यास घरच्या चार बायका बारा दिवस वांकल्या, तें "घरचंच" म्हणून सोडून देतां. सरकार मात्र सोडीत नाहीं. शेतमालाच्या भावाचा विचार करण्यासाठीं केंद्र सरकारनें १९६५ सालीं एक आयोग नेमला. त्यास आतां कृषि खर्च व मूल्य आयोग म्हणतात. तो खर्चाचीं निरनिराळीं मापें काढतो. रोख व मालाच्या रूपानें प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यास तो ए-दोन म्हणतो. त्यांत घरच्या माणसांच्या कामाची किंमत मिळविली कीं दुसरें माप झालें. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याजही धरलें कीं तिसरें, त्यास सी-दोन म्हणतात. २०२४-२५ सालीं सोयाबीनचा दुसऱ्या मापाचा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला, त्याची दीडपट करून हमीभाव ४,८९२ रुपये ठरविला. त्या हंगामांत बाजार त्याच्याही खालीं गेला, तें तुम्हांस माहीत आहे.

स्वामिनाथन यांच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानें २००६ सालीं सुचविलें कीं उत्पादनखर्चावर निदान पन्नास टक्के अधिक भाव मिळावा. तेव्हांपासून सगळा तंटा एकाच शब्दाचा आहे : खर्च म्हणजे कोणता? तुमची जमीन तुम्ही दुसऱ्यास खंडानें दिली असती तर खंड आला असता. मग ती स्वतः कसतांना तो खंड खर्चांत धरावा कीं नाहीं? शेतकरी संघटना म्हणतात धरा, सरकार म्हणतें दुसरें माप पुरे. मी शेतकऱ्यांच्या बाजूचा आहें. पण ज्या शेतकऱ्यानें स्वतःच्या घरच्या बारा दिवसांची निंदणी कधीं लिहिली नाहीं, त्यानें हा तंटा सभेंत कोणत्या तोंडानें मांडावा? दुसऱ्याचे आंकडे घेऊन भांडणाऱ्याला दुसरा सहज गप्प बसवितो.

जातां जातां जमिनीच्या मोबदल्याविषयीं बोलतों. आपल्या तालुक्यांत कोळशाच्या खाणींसाठीं जमिनी गेल्या. मोबदल्याची रक्कम आली कीं कित्येक घरीं ती उत्पन्न समजून खर्च झाली : गाडी, लग्न, माडी. जमीन हें भांडवल होतें, तर तिची रक्कमही भांडवलच. पिकाचा पैसा खावा, वावराचा पैसा खाऊं नये, हें जुन्या बायका वहीवांचून जाणत होत्या.

घरची मजुरी न धरल्यानें जो खोटा नफा दिसतो, तो खर्च होऊन जातो व पाठोपाठ कर्ज येतें. हल्लीं दारावर रोजची वसुली घेणारा येतो. दहा हजारांचें कर्ज म्हणून तो आरंभींच हजार कापून हातांत नऊ हजार ठेवतो, व रोज शंभर प्रमाणें शंभर दिवसांत दहा हजार नेतो. लोक म्हणतात, शेंकडा दहाच तर झाले. बरें, हिशेब करूं. नऊ हजार तुमच्यापाशीं फक्त पहिल्या दिवशीं होते. रोज शंभर परत जात असल्यानें पन्नासाव्या दिवशीं निम्मेच उरले. सरासरीनें तुम्ही साडेचार हजार वापरले व त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज दिलें. म्हणजे शंभर दिवसांस शेंकडा बावीस, वर्षास शेंकडा ऐंशीच्या घरांत. आपले आजे सवाईनें धान्य घेत व दिढी म्हटली कीं घाबरत. नातू ऐंशी टक्के देतो व त्यास दहा टक्के समजतो. बचत गटांत महिन्याला शेंकडा दोन घेतले तरी वर्षास चोवीसच होतात, आणि तें व्याज गटांतल्या बायांकडेच राहतें.

हें शिकवणें शाळेचें काम आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण कमिशनापुढें जें निवेदन दिलें, त्यांत खेड्यांतल्या शाळांतून मोडी-बाळबोध लेखनवाचनाबरोबर हिशेब व शेतीचें साधें ज्ञान शिकवावें अशी मागणी होती. आम्ही मास्तर मंडळी अजूनही आगगाड्यांचे वेग व हौदांचे नळ यांचींच उदाहरणें घालतों.

वही अशी ठेवावी. डावीकडे आलें, उजवीकडे गेलें, हें सर्वांस ठाऊक आहे. तिसरा एक रकाना आंखावा, त्यावर "कोणाचे हात" असें लिहावें, व त्यांत ज्यानें काम केलें त्याचें नांव व तास घालावे. "घरची मंडळी" असें मोघम लिहूं नये. सखूचें काम सखूच्या नांवें, सासूचें सासूच्या नांवें. पैसा नाहीं दिला तरी चालेल, आंकडा पडलाच पाहिजे. लिहितां न येणाऱ्यांनीं रोज संध्याकाळीं पोरांकडून लिहून घ्यावें, तेवढाच त्यांचाही अभ्यास होईल. आठवड्याची बेरीज रविवारीं सर्वांदेखत मोठ्यानें वाचावी, बायकांसमोर तर नक्कीच. कोणाचा तास चुकला असेल तर तो तेथल्या तेथें सांगेल.

ज्यांना रकाने आंखून पाहिजेत त्यांनीं सभा उठल्यावर थांबावें. वह्या व पट्टी मीं बरोबर आणली आहे.