दूरनियंत्रित विमाने आणि गावाची आपत्तीपूर्व तयारी
(हमरापूर परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



ड्रोन हा शब्द आता खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे ते चार पात्यांचे यंत्र दिसले की वर्गातील मुलांचे लक्ष फळ्यावर राहत नाही, आणि त्यात मुलांचा दोष मानण्याचे कारण नाही. परंतु मूल ज्याच्याकडे कुतूहलाने पाहते, त्याच यंत्राविषयी मोठी माणसे भलत्या आशा बाळगू लागतात, तेव्हा मात्र शिक्षकाने मध्ये पडणे अवश्य होते. ‘पूर आला तर सरकार ड्रोन पाठवील’ अशा समजुतीने एखादे कुटुंब रात्री घर सोडावयाचे टाळू लागले, तर या साधनापासून लाभाऐवजी हानीच व्हावयाची. म्हणून हे यंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि त्याच्या उपयोगासाठी गावाने आधी काय करून ठेवले पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विमानाला चालक लागत नाही, हा पहिला गैरसमज. चालक विमानात बसत नाही, इतकेच. तो जमिनीवर उभा राहून बिनतारी लहरींच्या साहाय्याने यंत्र चालवितो. चारांपैकी दोन पाती एका दिशेने व दोन उलट दिशेने फिरतात. त्यांची गती कमीअधिक केली की यंत्र वर जाते, खाली येते, कलते आणि वळते. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून ते आपले स्थान जाणते. त्याला कॅमेरा जोडला की वरून चित्र मिळते. उष्णतेचा वेध घेणारा कॅमेरा जोडला की अंधारातही उघड्यावरचा माणूस त्याच्या अंगाच्या उष्णतेमुळे वेगळा दिसतो. मात्र सामान्य लहान यंत्राची बॅटरी वीस ते चाळीस मिनिटांतच संपते, आणि ही मर्यादा विसरून चालत नाही.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. त्यांचेच यंत्र २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात झळकले, हे मुलांना सांगितल्यास धडा अर्धा तेथेच समजेल. संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने तयार झालेले ‘नेत्र’ नावाचे विमान जून २०१३ मध्ये उत्तराखंडातील महापुराच्या वेळी अडकलेली माणसे शोधण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने वापरले. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपुरातील लोकटाक सरोवराच्या करांग बेटावर ड्रोनने कोरोनाची लस नेण्यात आली. रस्त्याने सुमारे २६ किलोमीटर पडणारे अंतर हवेतून १५ किलोमीटरच होते आणि ते पाव तासाच्या आत कापले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याच कोकणपट्टीत, पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या आदिवासी गावी लशीच्या ३०० मात्रा अशाच रीतीने पोहोचल्या. औषध, सर्पदंशावरील लस किंवा एखादा दोर अशा हलक्या वस्तू पाण्यापलीकडे नेण्यास हे साधन उत्तम आहे, यात शंका नाही.

परंतु ही सारी उदाहरणे नीट पाहावीत. लस निवळलेल्या आकाशातून गेली, भर वादळातून नव्हे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. सामान्य लहान ड्रोनला ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वारादेखील आवरत नाही, आणि मुसळधार पावसात तर बहुतेक यंत्रे उडवूच नयेत. म्हणजे आपत्तीच्या ऐन घटकेस ड्रोन बहुधा जमिनीवरच असणार. त्याचे काम आपत्तीच्या आधी आहे आणि नंतर आहे. मधली घटका माणसांनाच निभवावी लागते.

याचा अत्यंत दुःखद प्रत्यय शेजारच्या खालापूर तालुक्यात आला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. वाडीतील जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या रात्री थांबलेले काही तरुण बचावले आणि त्यांच्याकडून बातमी खाली पोहोचली, असे त्या वेळच्या वृत्तांत प्रसिद्ध झाले. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. पाऊस आणि धुके यांमुळे हेलिकॉप्टरचा उपयोग करता आला नाही. अवजड यंत्रे वर चढविता आली नाहीत. जवान, गिर्यारोहक आणि आसपासचे गावकरी पायी चढून गेले व फावड्या-कुदळींनी माती उपसू लागले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तोवर २७ मृतदेह हाती आले होते; ५७ माणसांचा ठाव लागला नव्हता.

उष्णतेचा वेध घेणारा कॅमेरा तेथे असता तर मातीखालची माणसे दिसली असती, असे काहींना वाटते. तसे नाही. तो कॅमेरा केवळ पृष्ठभागाची उष्णता पाहतो. कित्येक फूट मातीखाली, पत्र्याखाली किंवा पाण्याखाली काय आहे, हे त्याला कळत नाही. तेथे खरी अडचण निराळीच होती. त्या रात्री वाडीत नेमकी किती माणसे होती? कोण कामानिमित्त बाहेरगावी गेले होते, कोणते मूल आश्रमशाळेत होते, कोण पाहुणा आला होता, हे एकेक नाव चौकशी करून जुळवावे लागले आणि बेपत्तांचा आकडा दिवसागणिक बदलत गेला. आकाशातील डोळा ‘येथे घर होते’ एवढे सांगेल. त्या घरात कोण निजले होते, हे जमिनीवरच्या कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागते. आणि वाडीतील प्रत्येक उंबरा ज्याने पटनोंदणीच्या निमित्ताने ओलांडलेला आहे, असा शासनाचा सेवक शिक्षकाखेरीज क्वचितच दुसरा सापडेल.

आता हमरापूरकडे वळू. पेण तालुक्याच्या एका अंगास खाडी व खारेपाट, दुसऱ्या अंगास डोंगर व त्यांच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्या. उधाणाची भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की उघाड्यांतून पाणी खाडीत जात नाही, उलट आत तुंबते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे भातशेती हातची जाते. वैशाखात, ओहोटीच्या वेळी, बांधावरून एकदा ड्रोन फिरविला तर कोठे बांध खचला आहे हे तासाभरात चित्रावर दिसेल, आणि हा उपयोग खचितच मोलाचा आहे. तथापि खेकड्यांनी आतून पोखरलेला बांध वरून धडधाकटच दिसतो. तो ओळखावयास बांधावरून अनवाणी चालणारा शेतकरीच हवा.

या भागाची आणखी एक विशेष गोष्ट आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींसाठी दूरवर प्रसिद्ध आहेत. आषाढ-श्रावणात, म्हणजे पावसाचा जोर असतो त्याच दिवसांत, कारखान्यांतून रात्रंदिवस रंगकाम चालू असते. शेडवर ताडपत्री, घरावरही ताडपत्री. वरून घेतलेल्या चित्रात मूर्तींची वखार कोणती आणि कारागीर मुक्कामाला असलेली शेड कोणती, हे कोणत्याही यंत्राला ओळखता येणार नाही. बाहेरगावचा कारागीर ना मतदारयादीत असतो, ना शाळेच्या पटावर. त्याचे नाव कोणत्या वहीत आहे, याचा शोध प्रत्येक गावाने घेतला पाहिजे.

नकाशाचे काम काही अंशी झालेले आहे, याचा लाभ घ्यावा. एप्रिल २०२० मध्ये आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेखाली भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी हाती घेतली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे हा प्रयोग झाला होता. उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्या गावाचा असा नकाशा झाला असल्यास ग्रामपंचायतीकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडे चौकशी करून पाहावा. मात्र ती मोजणी मुख्यतः गावठाणाची आहे. डोंगरातील वाडी आणि खारीतील एकटे घर तीत बहुधा सापडणार नाही. आणि संकट तर आधी तेथेच येते. तेवढा भाग परिसर अभ्यासाच्या तासाला चौथी-पाचवीच्या मुलांकडून काढून घ्यावा. मुलांनी काढलेला नकाशा प्रमाणबद्ध नसला तरी चालेल. वाट, ओढा, विहीर, मोठे झाड, घराचा क्रमांक आणि घरातील माणसे एवढे त्यात अचूक असावे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, बाळंतीण आणि अपंग व्यक्ती यांच्या घरांवर निराळी खूण करावी.

शाळेच्या छपरावर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत तैलरंगाने लिहावे. चुना पहिल्याच सरीत धुऊन जातो. मुलांना एवढे शिकवावे की ड्रोन दिसल्यास उघड्यावर यावे, रंगीत साडी किंवा चादर जमिनीवर पसरावी, आणि यंत्र खाली उतरू लागल्यास त्याच्याकडे धावू नये, कारण फिरती पाती बोटे कापतात. साडी पसरण्याचा सराव मुलांना फार आवडेल. मैदानावर दोन वर्गांनी तो करून पाहावा.

शाळेने अनुदानातून बाजारातील स्वस्त ड्रोन विकत घ्यावा काय, असा प्रश्न येतो. याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. तो एका पावसाळ्यात निकामी होतो, आणि त्याच पैशांत चांगला भोंगा, दोर व विजेऱ्या येतात. शिवाय कायद्याचाही विचार आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ड्रोन नियमांनी वजनानुसार पाच वर्ग पाडले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना व बिनव्यापारी वापराच्या दोन किलोपर्यंतच्या यंत्रांना चालकाच्या परवान्यातून सूट मिळाली. इतरांना प्रशिक्षण घेऊन परवाना काढणे आवश्यक ठरले. कोठे उडवावे व कोठे नाही, हे शासनाच्या नकाशावर रंगांनी दाखविलेले असते. आपत्तीच्या जागी तर कोणीही हौशीने ड्रोन उडवू नये. मदतीच्या हेलिकॉप्टरच्या वाटेत ते आले तर अनर्थ ओढवेल. गावातील ज्या छायाचित्रकाराकडे असे यंत्र आणि ते चालविण्याचे प्रमाणपत्र असेल, त्याचे नाव मात्र यादीत जरूर लिहावे, व त्याने तहसीलदारांच्या सूचनेवाचून उड्डाण करू नये, असे त्याला समजावून ठेवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक यादीच्या पहिल्याच ओळीत असावा.

यादी एकदा केली की काम संपले, असे मात्र नाही. कारण गावातली माणसे ऋतुमानाप्रमाणे बदलतात. आषाढात कारागीर येतात, भाद्रपदात मुंबईकर कुटुंबे सणाला येऊन घरे दुप्पट भरतात, आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून गेल्याने वाडी निम्मी रिकामी होते. तेव्हा वर्षातून तीनदा तरी यादी तपासावी. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक शेजारच्या गावच्या शाळेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. एकाच दरडीखाली किंवा एकाच पुरात तिन्ही प्रती जाणार नाहीत, अशी योजना असावी. पहिली यादी उन्हाळी सुटीपूर्वी, एप्रिलमध्येच पुरी व्हावी. शाळा जूनच्या मध्यास उघडते, आणि कोकणात पाऊस बहुधा त्याआधीच आलेला असतो.